सिएटलचा नेचा आणि माझी कोथरूडची बाल्कनी

सिएटलहून मावसबहिणीने जंगलातल्या नेच्याचा फोटो पाठवून विचारलं, "दादा, हाच तुझ्या बाल्कनीत आहे ना?"

नाही गं. तुझा पॉलिस्टिकम म्युनिटम, माझा नेफ्रोलेपिस. दोन्ही बारमाही हिरवे, दोघांनाही स्वोर्ड फर्न म्हणतात, म्हणून घोळ. दोघांच्या पर्णिकांना, म्हणजे पानाच्या दांड्यावरच्या छोट्या पानांना, बुडाशी कानासारखा छोटा उभारही असतो, तेव्हा वरून बघून भागत नाही. पान उलटं कर. बीजाणूंच्या ठिपक्यांवरचं झाकण तुझ्याकडे गोल, मधोमध टेकलेलं. माझ्याकडे मूत्रपिंडाच्या आकाराचं. शिवाय आमचे चिरंजीव जमिनीलगत बारीक धावती खोडं सोडून शेजारच्या कुंडीत घुसतात. तुझा बिचारा एका जागी झुपका करून बसतो.

रोप आणू का म्हणतेस, तर नको. एक तर आयात परवाना, क्वारंटाइन, नसती उठाठेव. आणि त्याला पॅसिफिक किनाऱ्याची थंड, ओलसर सावली हवी; आमचा एप्रिल चाळिशीला टेकतो.

माझ्या नेच्याला पूर्वेचं कोवळं ऊन, कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत पुरतं. उन्हाळ्यात माती सुकू द्यायची नाही, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेलंही मला चालत नाही. वाळकी पानं मात्र बुडापासून कापायची, ओढायची नाहीत.