तुम्ही विचारलंत म्हणून: एल्ट्सचा किल्ला एकाच घराण्याकडे कसा राहिला?

जर्मनीत कोब्लेन्झला आमच्याकडे पाहुणे आले, की मी त्यांना रेल्वेनं मोझेलकर्नला नेते आणि तिथून ओढ्याकाठच्या जंगलवाटेनं चालत एल्ट्सच्या किल्ल्यावर. परतताना प्रश्न ठरलेला असतो: "साडेआठशे वर्षं एकच घराणं? वाटण्या झाल्याच नाहीत?"

झाल्या की! फार लवकर झाल्या. 1157 साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या एका दानपत्रावर रूडॉल्फ फॉन एल्ट्सची साक्ष आहे, आणि 1268च्या आधीच तिघा भावांनी किल्ला वाटून घेतला होता. त्यांच्याच पुढं रूबेनाख, रोडेनडॉर्फ आणि केम्पेनिख अशा तीन शाखा झाल्या. पण कातळ एकच, उंची सत्तर मीटर, तीन बाजूंना ओढ्याचा वेढा. आडवं पसरायला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक शाखेनं आपलं घर वर चढवलं. 1472 मध्ये पुरं झालेलं रूबेनाख शाखेचं घर तर आठ मजली आहे. चौक मात्र सगळ्यांचा एकच. अशा सामायिक किल्ल्याला जर्मनमध्ये गानएर्बेनबुर्ग म्हणतात. कुणी कसं वागायचं, काय सांभाळायचं, याचे करार लेखी असत. माझ्या मते किल्ला तगला तो या कागदांमुळे.

सगळ्या शाखा एकत्र बसत त्या दालनात मी दर वेळी रेंगाळते. भिंतीवर विदूषकाचे मुखवटे आहेत: इथं मनातलं बिनधास्त बोला. आणि दारावर गुलाब कोरलाय: बोललेलं या दाराबाहेर जाऊ देऊ नका. भाऊ-भाऊ एका चौकात नांदायचे, तर दोन्हींची गरज पडणारच.

बाहेरची संकटंही आली. 1331 पासून ट्रियरचा आर्चबिशप, म्हणजे तिथला ख्रिस्ती धर्मगुरू आणि सत्ताधीशही, बाल्डुइन यानं वेढा घातला. त्यासाठी त्यानं समोरच्या टेकडीवर बांधलेल्या गढीचे अवशेष अजून दिसतात. शेवटी एल्ट्स घराण्याला त्याचं मांडलिकत्व पत्करावं लागलं. पुढं फ्रेंच फौजा ऱ्हाइन-मोझेलकाठचे किल्ले उद्ध्वस्त करत सुटल्या, तेव्हा हा वाचला, कारण घराण्यातलाच हान्स आन्टोन फ्रेंच सैन्यात मोठा अधिकारी होता.

रोडेनडॉर्फ शाखा 1786 मध्ये खुंटली. 1815 मध्ये केम्पेनिख शाखेच्या हूगो फिलिपनं रूबेनाखांचा हिस्सा विकत घेतला आणि सगळा किल्ला एका हाती आला. पुढं काउंट कार्लनं 1845 ते 1888 अशी तब्बल त्रेचाळीस वर्षं डागडुजी केली, 1,84,000 मार्क घातले. 1920 मध्ये केम्पेनिखांच्या घराला आग लागली. तेही 1930 पर्यंत पुन्हा उभं राहिलं.

तिकीट काढून आपण आत बघतो ती रूबेनाख आणि रोडेनडॉर्फ यांची घरं, म्हणजे ज्यांचा हिस्सा आता उरला नाही त्यांची. केम्पेनिखांचं घर घराण्यानं स्वतःसाठी राखलंय. त्या दाराशी पाहुण्यांना थांबवावं लागतं.