समुद्राला पाणी कवा सुटतंय?

सांगलीत पाण्याखालच्या चित्रीकरणाची फर्म कशी काय, हा प्रश्न नवीन माणूस भेटला की हमखास येतो. आमच्यापासून मालवण रस्त्यानं दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट उतरलं की कणकवली आणि पुढं समुद्र. तरी आमच्याकडच्या किती माणसांनी समुद्र खरंच बघितलाय, हे विचारलं की उत्तर फार थोडं येतं. पाण्याच्या आत काय आहे हे बघितलेले तर त्याहून कमी. आमची फर्म त्या मधल्या जागेत उभी राहिली.

सुरुवात वडिलांच्या फोटो स्टुडिओतून झाली. लग्न, मुंज, बारसं, शाळेचे ग्रुप फोटो. दहावीनंतर मीही त्यातच पडलो. पोहायला मात्र त्याआधी शिकलो, सरकारी घाटावर, पाठीला डबा बांधून. उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीची पोरं कृष्णेतच वाढायची. त्यामुळं पाण्याची भीती कधी नव्हती. पाण्याच्या आत बघायचं असतं, हे मात्र वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. मालवणला एका लग्नाच्या ऑर्डरला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नाववाल्यानं डोळ्याला मास्क लावून मला पाण्यात सोडलं. दोन मीटर खाली खडकावर प्रवाळ होतं आणि त्यावर हाताच्या पंजाएवढे पट्टेरी मासे फिरत होते. मी वर आलो तेव्हा नाववाला ओरडत होता, कारण अर्ध्या तासाचं ठरलं होतं आणि तास उलटून गेला होता.

पुढच्याच वर्षी पहिला स्कूबा कोर्स केला, पाठीला हवेची टाकी लावून १८ मीटर खोलीपर्यंत जायचा. तिथं शिकलेली पहिली गोष्ट आजही आमच्याकडच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो : खाली श्वास कधीच रोखायचा नाही. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. १० मीटरवर भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट होते, आणि रोखलेला श्वास फुफ्फुस फाडू शकतो. पावसाळ्यात आम्ही शाळांत आमचं चित्रीकरण दाखवतो. तिथं हे सांगताना आम्ही बूच घट्ट लावलेली पाण्याची रिकामी बाटली खाली नेतानाचं चित्रीकरण दाखवतो. बाटली चिपत चिपत जाते, वर आणली की पुन्हा फुगते. एवढ्यावर वर्ग गप्प होतो.

कॅमेरा खाली नेल्यावर पहिला दणका रंगानं दिला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा डोळा लाल रंगावर बसलेला असतो : शालू, कुंकू. पहिल्या सहा-सात उड्यांचं फुटेज घरी बघितलं तर सगळं शेवाळलेलं. मग बायकोनं शालूच्या काठाचा एक वीतभर तुकडा दिला. तो काठीला बांधून खाली नेला. एक मीटरवर लाल. पाच मीटरवर विटकरी, काताच्या डागासारखा. दहा मीटरवर काळपट, लाल म्हणून कुणी ओळखणार नाही असा. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, निळा-हिरवा खोलवर जाऊ देतं. त्याच तुकड्यावर टॉर्च मारला आणि लाल परत आला, जरीसकट. त्या दिवशी मी पाण्यात हसलो आणि मास्कमध्ये पाणी शिरलं. तो तुकडा अजून आमच्याकडे आहे. प्रत्येक शाळेत आधी तो मुलांच्या हातात देतो, मग व्हिडिओ लावतो.

दुसरा दणका महागात पडला. पाण्याखाली कॅमेरा एका घट्ट डब्यात असतो, त्याला आम्ही हाउसिंग म्हणतो. झाकणाच्या खाचेत रबराची एक गोल रिंग बसते, ओ-रिंग. सगळी मदार तिच्यावर. तिसऱ्या हंगामात आठ मीटरवर असताना डब्याच्या तळाशी चमचाभर पाणी हललेलं दिसलं. वर येईपर्यंत अर्धा डबा भरला. खारं पाणी एकदा सर्किटमध्ये गेलं की संपलं. नावेवर झाकण उघडून बघितलं तर रिंगवर एक केस आडवा पडलेला. बोटभर लांबीचा, माझ्याच डोक्याचा. पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेला कॅमेरा होता आणि नऊ हप्ते बाकी होते.

तेव्हापासून हाउसिंग बांधायचं काम बायकोकडे आहे, आणि त्यात मी ढवळाढवळ करत नाही. आदल्या रात्री, पंखा बंद करून, पांढऱ्या कापडावर. रिंग काढायची, बोटाच्या पेरांत फिरवून कचकच लागते का बघायची, सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात द्यायचा. ग्रीस जास्त झालं तर वाळूच चिकटते. मग रिकामं हाउसिंग बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवायचं, बुडबुडा आला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर आजवर एकही कॅमेरा बुडाला नाही.

धंद्याचं गणित मात्र बसत नव्हतं. समुद्राचा हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही पाणी चांगलं डिसेंबर-जानेवारीत. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तही तेव्हाच. दोन्हीकडे एकाच माणसाला जाता येत नाही. पाच वर्षं मी लग्नं सोडत गेलो आणि समुद्रातून येणारे पैसे डिझेललाही पुरत नव्हते. आम्हाला तारलं ते गढूळ पाण्यानं. पाणीपुरवठ्याच्या जॅकवेल (नदीचं पाणी उपसायच्या विहिरी), धरणाचे दरवाजे, पुलाचे खांब, खोल विहिरी : यांची पाण्याखालची तपासणी लागतेच, आणि त्याचं चित्रीकरण करून देणारा जवळपास कुणी नव्हता. तिथं हातभर अंतरावरचं दिसत नाही. भिंतीवर हात फिरवत जायचं, दोरीच्या झटक्यांनी वरच्या माणसाशी बोलायचं, पंप बंद असल्याची खात्री स्वतः डोळ्यानं करायची आणि दुसरा पाणबुड्या काठावर तयार ठेवायचा. कॅमेऱ्यापुढे आम्ही ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी लावतो, आत गाळलेलं स्वच्छ पाणी भरून. पेटी भिंतीला टेकवली की मधलं गढूळ पाणी बाजूला होतं आणि तळहाताएवढा तुकडा लख्ख दिसतो. असे शेकडो तुकडे जोडून भेग कुठून कुठं गेली ते दाखवता येतं. एका ठेकेदारानं अहवालातली भेग वगळायला सांगितली. आम्ही वगळली नाही, त्यानं बिल दिलं नाही. ते पैसे आजही येणे आहेत, पण पुढची तीन कामं त्याच अहवालाच्या जोरावर मिळाली. कृष्णेच्या मोकळ्या पात्रात मात्र आम्ही माणूस उतरवत नाही. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. तिथं कॅमेरा बांबूला बांधून सोडतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. २००५ चा पूर लक्षात ठेवून सामान माळ्यावर चढवलं होतं, पाणी माळ्यावर गेलं. वडिलांच्या काळातल्या निगेटिव्हचे डबे, कॉम्प्युटर, आठ हंगामांच्या हार्ड डिस्क. चिखल उपसताना डिस्क एकेक करून पुसून ओट्यावर मांडल्या. अकरापैकी चार चालल्या. वडील ओट्यावर बसून होते, काही बोलले नाहीत. एका डब्यातल्या निगेटिव्ह त्यांनी स्वतः बादलीत धुतल्या आणि दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या. आता प्रत्येक शूटिंगची एक प्रत मिरजेला बहिणीकडे जाते, उडी मारून आल्याच्या आठवड्यात. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा दुकान रिकामं होतं.

वाचलेल्या चार डिस्कमध्ये एका खडकाचं चित्रीकरण होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला, सहा मीटरवर. पहिल्या हंगामापासून त्या खडकाचं आम्ही एकाच कोनातून, एकाच अंतरावरून चित्रण करतो. सुरुवातीला सवय म्हणून करत होतो, आता तेच आमचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. एका उन्हाळ्यात त्यावरचं प्रवाळ पांढरं पडलेलं दिसलं. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. ते बारीक प्राण्यांची वसाहत असते आणि त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न आणि रंग देतं. पाणी जास्त तापलं की ते शैवाल बाहेर टाकलं जातं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. लगेच मरत नाही, पण उपाशी पडतं. पुढच्या हंगामात निम्मा भाग पुन्हा तपकिरी झाला, निम्म्यावर शेवाळ चढलं. दोन्ही फोटो शेजारी लावले की वेगळं भाषण करावं लागत नाही.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध होता, आणि कॅमेरा घेऊन आलेला घाटावरचा माणूस म्हणजे सरकारचा, असं सुरुवातीला आमच्याकडे बघितलं गेलं. ते मला चुकीचं वाटलं नाही. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्यानं विचारायलाच हवं. आम्ही दोन हंगाम खडकात अडकलेली फाटकी जाळी कापून वर आणून दिली, पैसे न घेता. तुटलेलं जाळं पाण्यात नुसतं पडून असलं तरी मासे आणि शेवंड मारत राहतं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यानंतर एका तांडेलानं, म्हणजे मच्छीमार नावेच्या म्होरक्यानं, सकाळी सकाळी फोन करून सांगितलं, "आज काय दिसाचा नाय. अष्टमीच्या भांगाक येवा." अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ओढ कमी, पाणी निवळ. एवढी वर्षं आम्ही सुट्टीचे वार बघून जात होतो. त्या फोननंतर कॅलेंडरवर तिथी बघायला लागलो.

शाळांचं काम जून ते सप्टेंबर, समुद्र बंद असतो तेव्हा. मोठ्या शाळांतून मागणी येते ती देवमासा, शार्क, निळंशार पाणी याची. तसं फुटेज विकत मिळतं. आम्ही ते दाखवत नाही. आमच्या पडद्यावर मालवणचं हिरवं पाणी असतं, त्यात आम्ही स्वतः बघितलेलं माकूल (स्क्विड) रंग बदलतं, समुद्रफुलाच्या (फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या) बोटांत मासा लपतो. एका शाळेनं यावरून कार्यक्रम रद्द केला. वाईट वाटलं, पण धोरण बदललं नाही. मुलांना जे दाखवतो ते दोनशे किलोमीटरवर खरंच आहे, एसटीनं जाऊन बघता येतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

जत तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीतल्या मुलानं विचारलं, "सर, समुद्राला पाणी कवा सुटतंय?" त्याच्या गावात पाणी टँकरनं येतं, नाहीतर म्हैसाळ उपसा योजनेचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं तर. पाणी असणं म्हणजे कुणीतरी ते सोडणं. मी तयार करून नेलेलं सगळं बाजूला ठेवलं. फळ्यावर कृष्णा काढली. महाबळेश्वरला उगम, तिथून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटर. पण नदी पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तुमच्या कॅनॉलला येतं ते त्याच वाटेवरचं पाणी. मग भरती-ओहोटी. समुद्राचं पाणी चंद्र ओढतो, दिवसातून दोनदा, आणि त्याचं आवर्तन चुकत नाही. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चार पाऊण तीन, तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. त्या वर्गात पाऊणकी कुणाला येत नव्हती. मधल्या सुट्टीत त्यांच्या बाईंनी ती फळ्यावर लिहून काढली, आणि मुलांनी पंधरा तिथ्यांचं वेळापत्रक केलं.

फर्मच्या नफ्यातून दर वर्षी एक बस मालवणला न्यायची असं आम्ही तेव्हा ठरवलं. पहिली बस त्याच शाळेची. चतुर्थी होती. तांडेलानं किनाऱ्यावर थांबून मुलांना कालवं, शिंपले, खडकातल्या डबक्यातला तारामासा दाखवला. तो प्रश्नवाला मुलगा त्यांच्यात नव्हता. तो ओल्या वाळूत एक काठी रोवून शेजारी उकिडवा बसला होता, वही मांडीवर घेऊन. पाणी काठीला लागलं, मागं गेलं, पुन्हा लागलं. मी जवळ गेलो तेव्हा त्यानं मान वर न करता विचारलं, "सर, किती वाजले?"

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यानं वहीत लिहिलं आणि काठी उपटून चार पावलं मागं रोवली.