बेळगाव–चोर्ला–शापोरा: बोटीचा ट्रेलर ओढत नेणार असाल तर

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यातल्या शापोऱ्याच्या काठापर्यंत बोट ओढत न्यायची असेल तर रस्त्याची चौकशी नंतर करा, आधी ट्रेलरचा प्लग उघडून बघा. "लाइट, ब्रेक सगळं ओके आहे" हे विकणाऱ्याचं वाक्य वाटेतल्या जांबोटीपर्यंतच टिकतं. ट्रेलर अमेरिकेतून आलेला, एक अ‍ॅक्सल, दोन इलेक्ट्रिक ब्रेक. गाडीला मात्र युरोपियन पद्धतीचा सात पिनांचा गोल सॉकेट. ही जोडी असेल तर पुढचं नीट वाचा.

गोची अशी की वायरींचे रंग अर्धेच जुळतात. पांढरी दोन्हीकडे अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर. पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, हेही दोन्हीकडे तसंच. त्यामुळे इंडिकेटर लागतात आणि सगळे खूश होतात. पण या ट्रेलरला ब्रेक लाइटची वेगळी वायरच नसते. ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही एकाच बल्बवर, त्याच पिवळ्या-हिरव्या वायरींतून. गाडीची ब्रेक लाइटची लाल वायर, म्हणजे पिन ६, मग नुसतीच लोंबकळत राहते. मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही ब्रेक मारलेला दिसतच नाही.

त्याहून वाईट निळी. गाडीकडे निळी म्हणजे पिन २, मागचा फॉग लाइट. ट्रेलरकडे निळी म्हणजे इलेक्ट्रिक ब्रेक. रंगाला रंग जोडून ठेवला असेल तर धुक्यात फॉगचं बटण दाबताच ट्रेलरची चाकं धरतात, नाहीतर फ्यूज उडतो. आणि पावसाळ्यात चोर्ल्याला धुक्याचा काय तोटा!

यावर इलाज एकच. ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र करून देणारा कन्व्हर्टर बसवा आणि त्याला थेट बॅटरीवरून १५ अँपिअर फ्यूजमधून सप्लाय द्या. नव्या गाड्यांचे लाइट कंट्रोल युनिटवरून चालतात, त्यांच्या टेललाइटच्या वायरीत चिमटा मारून ट्रेलरचा लोड घेऊ नका. युनिट गेलं तर ट्रेलरच्या किमतीत बसेल. ब्रेक कंट्रोलर म्हणजे ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकना करंट देणारा गाडीतला डबा. त्याच्या चार वायरी: काळी बॅटरीला, मध्ये २० अँपिअरचा ब्रेकर, पांढरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल ब्रेक पेडलच्या स्विचच्या त्या टोकाला जिथे पाय दाबल्यावरच करंट येतो, निळी मागे ट्रेलरकडे. निळीला ४ स्क्वेअर एमएमची वायर, त्याहून बारीक नको. पिन २ वर गाडीची फॉगची वायर काढून ही निळी लावता येते, पण सॉकेटच्या झाकणावर रंगाने तसं लिहून ठेवा. उद्या कोणीतरी दुसरा ट्रेलर जोडेलच.

आता अर्थ. ट्रेलरच्या तक्रारी बहुतेक इथेच येऊन थांबतात. लक्षणं अशी: पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतात, डावा इंडिकेटर दिला की उजवाही लुकलुकतो. करंटला परतीची वाट मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या बल्बांतून वाट काढतो. ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्या टोबॉलवरून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका. तिथे ग्रीस असतं, आणि तेच असायला हवं.

तपासणी सोपी आहे. एक लांब वायर घ्या, एक टोक गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रेलरच्या चॅसिसला, खरवडून उघड्या केलेल्या धातूवर. लाइट लगेच सुधारले तर दोष अर्थचा, बाकी काही उसवू नका. मल्टिमीटर असेल तर सगळे लाइट एकदम लावून ट्रेलरची पांढरी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत व्होल्टेज बघा. ०.२ व्होल्टच्या आत चांगलं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर जोड खराब. लोड न देता मोजलेले १२ व्होल्ट काही सांगत नाहीत. गंजून एकच तार उरली असेल तरी मीटर १२ दाखवतो. म्हणून २१ वॅटचा बल्ब दोन वायरी डाक लावून टेस्टलॅम्प म्हणून सोबत ठेवा. आणि लाइट एकेक करून तपासणं म्हणजे वेळ घालवणं; सगळे एकदम लावा.

म्हापशात एका गॅरेजवाल्याने प्लगही न काढता "पुराय वायरिंग बदलुंक जाय" (सगळं वायरिंग बदलायला हवं) म्हणून साडेआठ हजार सांगितले. दोष होता चॅसिसच्या पुढच्या आडव्या पट्टीवरच्या (क्रॉस मेंबर) एका बोल्टात: थिंबलखाली, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्याखाली, रंग आणि त्यावर हिरवट पूड. पॉलिश पेपर, नवं थिंबल, स्टार वॉशर, वरून व्हॅसलीन. मामला शंभर रुपयांच्या आतला. स्वतः मोजल्याशिवाय कोणालाही हार्नेस (सगळा वायरींचा जुडगा) बदलू देऊ नका.

ब्रेक लागत नसतील किंवा कंट्रोलर शॉर्ट दाखवत असेल तर दोन्ही चाकांजवळ जोड सोडवून एकेका मॅग्नेटचा (करंट मिळाल्यावर ब्रेक लावणारा ड्रममधला चुंबक) रेझिस्टन्स मोजा: साधारण तीन ते चार ओहम यायला हवा. एका मॅग्नेटला सुमारे तीन अँपिअर, दोघांना सहाच्या आसपास. मॅग्नेट ठीक आणि तरीही शॉर्ट, तर बघा वायर अ‍ॅक्सलच्या नळीतून गेली आहे का. आत घासून घासून तिचं कव्हर फाटतं. ती सोडून द्या, नवी वायर अ‍ॅक्सलच्या बाहेरून स्लीव्ह घालून न्या. हब (चाकाचा मधला भाग) विनाकारण तापत असेल तर ब्रेकअवे स्विचमध्ये, म्हणजे ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या स्विचमध्ये, पाणी शिरलंय का तेही बघा.

घाटाबद्दल स्पष्टच: ट्रेलरचे ब्रेक चालत नसतील तर चोर्ला उतरू नका. कणकुंबीच्या आसपास सपाट, रिकामा तुकडा बघून ताशी ३० ते ४० वर कंट्रोलरचा हाताचा खटका पूर्ण दाबा. ट्रेलरने गाडीला मागे ओढलं पाहिजे, पण चाक घसटता कामा नये. घसटलं तर गेन (कंट्रोलरवरचा ब्रेकचा जोर) कमी करा. उतारावर दुसरा गियर, ब्रेक थोडा थोडा आणि सोडून सोडून. केरीपर्यंतची वळणं आखूड आहेत, ट्रेलरचं आतलं चाक मातीत उतरतं आणि लोंबणारी वायर तिथेच तुटते. प्लगची वायर वळणापुरती सैल ठेवा, रस्त्याला घासेल इतकी नको. खाली अंजुणे धरणाच्या पाण्याशी थांबून उलट्या हाताने दोन्ही हब बघा. एक गरम, दुसरा गार असेल तर गार बाजूचा मॅग्नेट काम करत नाही. ब्रेकची खात्रीच नसेल तर बांद्याकडून पत्रादेवीमार्गे यावंसं वाटेल, पण ते लांब पडेल आणि वाटेत आंबोलीचा घाट लागेलच, तेव्हा सुटका तिथेही नाही. ब्रेक आधी करून घ्या.

साखळी, डिचोली, म्हापसा, शिवोली: रस्ता बरा, सांगण्यासारखं काही नाही.

पाण्यात ट्रेलर उतरवण्याआधी प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. तापलेला बल्ब गार पाण्यात तडकतो, आणि खारं पाणी लागल्यावर चालू करंट पितळ खाऊन टाकतो. बोट उतरली की ब्रेक ड्रमसकट सगळं गोड्या पाण्याने धुवा. बल्बांऐवजी सीलबंद एलईडी लावा; फक्त गाडीला मग लोड कमी वाटून इंडिकेटर भराभर लुकलुकू शकतो. जोड टेपने नाही, डाक किंवा क्रिम्प आणि त्यावर डिंकाची हीट श्रिंक स्लीव्ह. वायर कल्हई केलेली तांब्याची, साधी दोन पावसांत काळी पडते.

सोबत एवढं ठेवा: ५ मीटर वायर, सहा थिंबल, १०, १५ आणि २० अँपिअरचे फ्यूज, पॉलिश पेपर, एक जादा प्लग. प्लग बेळगावलाच घ्या, किनाऱ्याजवळ दीडपट मागतात.