ओपन बॅफल वूफरच्या चौकटीचा आकार

ओपन बॅफल वूफर म्हणजे बंद पेटीऐवजी उघड्या फळीवर बसवलेला, खर्ज वाजवणारा स्पीकर. त्याचा पडदा पुढची हवा ढकलतो त्याच क्षणी मागची ओढून घेतो, आणि या दोन विरुद्ध कलेच्या लहरी फळीच्या कडेला वळसा घालून एकमेकींना खोडून काढतात. खर्ज किती उरेल हे मुख्यतः त्या वळशाच्या लांबीवर ठरते. वळसा तरंगलांबीच्या सहाव्या भागाइतका असताना समोरचा आवाज केवळ पुढच्या लहरीच्या आवाजाएवढा असतो. त्याहून खालच्या स्वरांत वळशामुळे होणारी घट दर सप्तकाला (कंपनसंख्या निम्मी होताना) ६ डेसिबल असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ६० सेंटिमीटरच्या वळशासाठी ही सीमा ९५ हर्ट्झच्या आसपास येते.

सपाट फळीतून एवढा वळसा मिळवायचा तर ती जवळपास १.२ मीटर रुंद लागते (आणि घरातल्या इतरांची संमतीही). म्हणून कडा दुमडून चौकट करतात. ‘यू’ चौकटीत वूफर पुढच्या तोंडाशी असतो आणि चौकटीची पुढून मागे जाणारी पूर्ण लांबी त्याच्या मागे राहते. ‘एच’ चौकटीत तो मधोमध बसतो.

वळसा दोन्हींत ढोबळमानाने सारखाच मिळतो, पण एका टोकाला बंद असलेली प्रत्येक पोकळी आपल्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला घुमते. ६० सेंटिमीटरच्या ‘यू’मध्ये हा अनुनाद सुमारे १४३ हर्ट्झवर येतो, तर तेवढ्याच ‘एच’मध्ये ३०-३० सेंटिमीटरच्या दोन पोकळ्या असल्याने तो २८६ हर्ट्झपर्यंत वर सरकतो. उघड्या तोंडाजवळची हवाही हलत असल्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून थोडे खाली असतात. १०० हर्ट्झच्या आसपास क्रॉसओव्हर (वूफरचे काम संपून वरच्या स्पीकरचे सुरू होते ती सीमा) ठेवणाऱ्याला हे एक सप्तक फार मोलाचे आहे, आणि माझा कल ‘एच’कडे आहे तो याचमुळे, शिवाय तिचे आठच्या आकड्यासारखे ध्वनिक्षेत्र पुढे-मागे सममित राहते. ‘यू’च्या पोकळीत लोकर भरून अनुनाद दाबता येतो, मात्र तेव्हा मागची लहर रेंगाळते आणि ध्वनिक्षेत्र हृदयाकृतीकडे झुकते, जे काही खोल्यांत उपयोगीही पडते.

‘डब्ल्यू’ चौकटीत दोन वूफर एकमेकांच्या उलट बसवल्याने त्यांचे धक्के परस्पर निष्प्रभ होतात आणि लाकूड कमी थरथरते.

कोणताही आकार निवडला तरी आवाजाची पातळी तीच राखून एक सप्तक खाली जायचे तर पडद्याला आठपट हालचाल करावी लागते. बंद पेटीत चौपट पुरते.