वीस घोडे, चाळीस घोडे आणि सात नॉट

बोटमालकांची तक्रार एका ओळीची होती. शिडावर बोट 8.9 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) धावते, इंजिनावर सात नॉटसुद्धा गाठत नाही, म्हणजे इंजिनात खोट आहे. आधी येऊन गेलेल्या तपासनिसाने त्यावर शेरा मारला होता: वीसऐवजी चाळीस एचपीचं (अश्वशक्तीचं) बसवा. मला बोलावलं ते दुसऱ्या मतासाठी.

बोट फायबरची, पर्यटनाची, 9.7 मीटर लांब. पाण्याला टेकणारी लांबी, म्हणजे जलरेषा, 8.2 मीटर. टाक्या निम्म्या भरून वजन 5.2 टन. इंजिन 20 एचपी डिझेल, मिनिटाला कमाल 3600 फेरे, खाली पाण्यात तीन पात्यांचा न मिटणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर. आदल्या दिवशी पाणबुड्या उतरवून तळ आणि पंखा खरवडून घेतला. मुंबई बंदरात महिनाभर उभ्या बोटीच्या पंख्यावर बार्नॅकल, म्हणजे कवचाचे चिकट समुद्री जीव, चढलेले असतात, आणि पात्यांवरचा तेवढा खडबडीतपणा सहज अर्धा नॉट खातो. पहिल्या तपासणीत पंखा कुणी पाहिलाच नव्हता. चाळीस एचपीचा शेरा मात्र जाड अक्षरात होता.

निघतानाच मी मालकांना सांगून टाकलं, "जलरेषेचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले 1.34, हा तुमचा हल स्पीड, म्हणजे सांगाड्याच्या लांबीवरून निघणारा वेग. सात नॉट. याच्या पुढे ही बोट जाणार नाही." हे वाक्य मला नंतर दिवसभर पुरलं.

वेग मोजायचा तर जीपीएस एकट्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण तो जमिनीवरचा वेग सांगतो आणि बंदरात भरती-ओहोटीचा ओढा दीड-दोन नॉट सहज असतो. लॉग, म्हणजे तळाला पात्याचं चाक असलेला वेगमापक, पाण्यातला वेग सांगतो, पण तो नीट जुळवलेला क्वचितच असतो. म्हणून एकाच रेषेवर तीन फेऱ्या, इंजिनाचे फेरे तेच ठेवून: ओढ्याबरोबर, ओढ्याविरुद्ध, पुन्हा ओढ्याबरोबर. मधली फेरी दुप्पट धरून बेरीज, भागिले चार. पूर्ण थ्रॉटलला 8.4, 5.3 आणि 8.2 आले. सरासरी 6.8. लॉग त्याच वेळी 7.3 दाखवत होता, म्हणजे सात टक्के जास्त. तो तिथेच दुरुस्त केला.

आता खालून वर. 2000 फेऱ्यांना 4.9 नॉट, तासाला सव्वा लिटर डिझेल. 2600 ला 6.0 नॉट, 2.2 लिटर. 3000 ला 6.5 नॉट, 3.3 लिटर. 3500 ला 6.8 नॉट, 4.7 लिटर. शेवटच्या पाचशे फेऱ्यांनी तासाला जवळजवळ दीड लिटर जास्त जाळून तीन दशांश नॉट दिला. इंजिनात खोट असती, किंवा पंखा मोठा पडत असता, तर ते तीन हजारांच्या आसपासच अडलं असतं आणि मागे काळा धूर आला असता. हे 3500 पर्यंत स्वच्छ चढलं. मामला इंजिनाचा नव्हताच.

3500 ला मालकांना मागे बसवून पाणी पाहायला लावलं. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, एक लाट, पुढची थेट पिछाडीखाली, मध्ये खोलगट. लाटेच्या लांबीवर तिचा वेग ठरतो: मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले सव्वा, उत्तर मीटर प्रति सेकंद. 8.2 मीटरच्या लाटेला ते 3.58 येतं, म्हणजे सात नॉटला किंचित कमी. बोट जोरात गेली की तिची लाटही लांबते. लाट जलरेषेपेक्षा लांब झाली की पिछाडी खोलग्यात बसते, नाळ वर उठते, आणि बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते. इंग्लिश अभियंता विल्यम फ्रूडने 1870 च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या टाकीत मॉडेलं ओढून बोटीच्या विरोधाचा हिशेब बसवला, त्यातला हा कळीचा भाग. आमच्या तांडेलाने तो चार शब्दांत सांगितला: "पाठ पाणी ओढतेय, साहेब."

चाळीस एचपी बसवलं असतं तर? इंजिन जड, पंख्याचा दांडा जाड, त्याचं बेअरिंग नवं, पंखा मोठा, आणि मोठ्या पंख्याला तळापासून पुरेशी जागा मिळेल की नाही याची शंका. माझ्या हिशेबाने फायदा जेमतेम अर्धा नॉट, आणि पिछाडी इतकी बसली असती की कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेच्या, निचऱ्याच्या नळांतून पाणी उलटं आलं असतं. इंजिन विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही.

दुपारी प्रॉंग्जच्या दीपस्तंभाच्या बाहेर गेलो. वायव्येचा वारा 16 ते 18 नॉट, लाटा मीटरभर. परत फिरून मागून वारा घेत शिडावर आलो. दुरुस्त केलेला लॉग बराच वेळ सातच्या आसपास, आणि अचानक 8.4. चार-पाच सेकंद टिकला. मालक माझ्याकडे पाहत होते. "जाणार नाही म्हणालात ना?"

हिशेब तिथेच चार्टच्या मागे केला. वीस एचपीचं इंजिन पंख्यातला तोटा वजा जाता पूर्ण जोरात सुमारे 220 किलोचा ढकल देतं. लाटेचा उतार तीनच अंशांचा धरला तरी 5.2 टनांची बोट त्यावर स्वतःच्या वजनाने 270 किलोने खाली ओढली जाते. शिवाय शिडाचा जोर वेगळा. म्हणजे उतारावर काही सेकंद आमच्याकडे दोन इंजिनांहून जास्त ताकद होती. उतार संपला, सात. त्यांचे 8.9 हेच होते: चार्टप्लॉटरने, म्हणजे जीपीएसच्या नकाशा-पडद्याने, धरून ठेवलेला क्षणाचा कमाल आकडा, त्यात ओढाही मिसळलेला. त्याच सफरीची त्यांची सरासरी 5.8 होती, तिच्याबद्दल तक्रारीत अक्षर नव्हतं.

तेवढ्यात सरावाला निघालेली एक जे-80, म्हणजे शर्यतीची हलकी शिडाची बोट, पुढचं जेनेकर हे मोठं शीड फुगवून आम्हाला ओलांडून गेली, दहाच्या आसपास. तिची जलरेषा 6.7 मीटर, आमच्याहून दीड मीटर आखूड. सूत्राने तिला 6.3 नॉट. इथे सूत्राची खरी उणीव दिसते: त्यात वजनच नाही. वजन लाँग टनांत (एक म्हणजे 1016 किलो) घ्या, फुटांतल्या जलरेषेला शंभराने भागून त्याचा घन करा, आणि वजनाला त्याने भागा. आमचा आकडा 263, जे-80 चा 122. तिचं वजन जेमतेम 1.3 टन, त्यामुळे ती पाणी कमी बाजूला सारते, तिची लाट बुटकी असते, आणि वारा चांगला लागला की ती त्या लाटेवर चढून पुढे निघते. कॅटामरान या जोडबोटीचे अरुंद सांगाडे तर मोठी लाट उठवतच नाहीत. मालकांनी मग मोबाइलवर 2012 ची सेलरॉकेट ही वेगाच्या विक्रमासाठी बांधलेली शिडाची बोट काढली, नामिबियात वॉल्विस बेला पाचशे मीटरवर 65.45 नॉट. ती पाण्याखालच्या फॉइलवर, म्हणजे पंखासारख्या पात्यावर, तोललेली असते, सांगाडे पाण्याला जेमतेम शिवतात. जलरेषा कशाची धरणार?

खटकतं ते माझं सकाळचं वाक्य. मला म्हणायचं होतं: इतक्या वजनाला, इतक्या ताकदीत, सपाट पाण्यात सातच्या पुढचा प्रत्येक दशांश फार महाग आहे. मी "जाणार नाही" म्हणालो, कारण सूत्र सांगायला सोपं आहे. बोटीच्या माहितीपत्रकातही तेच सूत्र "कमाल वेग 7 नॉट" म्हणून छापलं होतं. तो वेग कुणी पाण्यात मोजलेला नव्हता.

अहवालात वेगाच्या रकान्यात 6.8 लिहिलं, आणि पुढे वजन, फेरे, तळ स्वच्छ, वारा नाममात्र, एवढं. मालकांना 8.4 ही हवे होते. ते "शिडावर, लाटेच्या उतारावर, चार-पाच सेकंद" असं जोडून घातले. इंजिन बदलू नका, दोन पात्यांचा मिटणारा पंखा लावा, असा सल्ला दिला. शिडावर न मिटणारा पंखा मागे ओढतो, आणि हलक्या वाऱ्यात तोच अर्धा नॉट परत मिळतो. रिव्हर्समध्ये बोट थोडी आडमुठी होईल, हेही लिहिलं. पंखा बसला की पुन्हा तीन फेऱ्या.