घर बुडालं

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज इंग्रजी शब्दांच्या वहीत एकच शब्द गेला. रोजचा नेम तीन शब्दांचा आहे, पण ‘टार्न’ने पुढे सरकूच दिलं नाही.

एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ही १८३९ची कथा वाचतेय, तिसऱ्यांदा. सुरुवातीलाच निवेदक घोड्यावरून एका जुनाट वाड्यापाशी येतो, काळ्या पाण्याच्या अगदी काठावर लगाम खेचतो आणि खाली बघतो. पाण्यावर तरंगही नाही. त्यात लव्हाळी उलटी, झाडांचे वठलेले बुंधे उलटे, आणि रिकाम्या डोळ्यांसारख्या खिडक्याही उलट्या. या पाण्याला पो ‘टार्न’ म्हणतो. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ मुलखातला हा शब्द, मूळचा जुन्या नॉर्स भाषेतला. मी वहीत लिहिलं : डोंगरातलं लहान तळं. लिहिलं खरं, पण मनाला पटेना. तळं म्हटलं की मला कमळं दिसतात, पायऱ्या दिसतात, धुणं आपटणाऱ्या बायका दिसतात.

नोकरीच्या परीक्षांसाठी मी शब्दांच्या याद्या घोकल्या होत्या. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. त्यातलं आज काही म्हणता काही आठवत नाही. पोच्या लेखनातले शब्द मात्र जात नाहीत, कारण ते पहिल्यांदा भेटले तेव्हा मी घाबरलेली होते. ‘ड्रिअरी’चंच घ्या. यादीत त्याचा अर्थ ‘कंटाळवाणे’ दिला होता. मग पोची ‘द रेव्हन’ वाचली. १८४५च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आलेली ही कविता. तिच्या पहिल्याच ओळीत मध्यरात्र आहे आणि ती रात्र ‘ड्रिअरी’ आहे. बायको की प्रेयसी, पो सांगत नाही, पण लिनोर गेलेली आहे, माणूस एकटा पुस्तकं चाळत बसलाय, दारावर टकटक होतेय. ही रात्र कंटाळवाणी कशी असेल? शोधत गेले तर जुन्या इंग्रजीत या शब्दाचं मूळ रक्ताशी जाऊन भिडतं. रक्ताळलेलं, मग शोकाकुल, आणि शतकानुशतकं झिजत झिजत आजचा अर्थ. मी ‘कंटाळवाणे’ खोडून ‘भकास’ लिहिलं होतं. अजूनही तेच बरोबर वाटतं.

आणि ‘द बेल्स’! पो १८४९च्या ऑक्टोबरमध्ये गेला, ही कविता त्यानंतर छापून आली. चार भाग, चार घंटा : घसरगाडीच्या चांदीच्या, लग्नाच्या सोन्याच्या, आगीचा इशारा देणाऱ्या पितळी, आणि शेवटी मृत्यूच्या लोखंडी. ‘टिंटिनॅब्युलेशन’सारखा लांबलचक शब्द पहिल्या भागात येतो, पण तो मला कोशात पाहावाच लागला नाही. मोठ्याने वाचला आणि कळला. किणकिण, घणघण, टोले हे सगळं कानात घेऊनच आपण मोठे होतो. मराठी माणसाने ही कविता मनात वाचू नये, दार लावून मोठ्याने वाचावी.

तर, टार्न. रात्री भाजी निवडताना आईला गोष्ट सांगितली. अशर घराण्यातले शेवटचे दोघे, भाऊ आणि बहीण. बहीण मेली असं समजून तिला तळघरात ठेवतात, ती वादळाच्या रात्री परत येते, भावाच्या अंगावर कोसळते आणि दोघंही संपतात. निवेदक जीव घेऊन बाहेर पळतो. वाड्याला वरपासून खालपर्यंत एक नागमोडी भेग होती, सुरुवातीला जेमतेम दिसणारी. ती फाकते, भिंती ढासळतात आणि सगळा वाडा त्या पाण्यात जातो.

आई मेथीची जुडी हातात धरून थांबली. म्हणाली, “म्हणजे घर बुडालं गं त्यांचं.”

मी बघतच राहिले. पोने सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की आसपासचे शेतकरी ‘हाउस ऑफ अशर’ म्हणताना घराणं आणि वाडा दोन्ही एकाच नावात धरतात. इंग्रजी ‘फॉल’मध्ये घराण्याचा ऱ्हास आला, वाड्याचं कोसळणं आलं; पाणी काही आलं नाही. आईच्या दोन शब्दांत तिन्ही आलं. वंश खुंटला तरी घर बुडालं, आणि इथे तर ते खरोखरच बुडालं. तीन वेळा वाचून हे मला सुचलं नव्हतं.

मग तिलाच विचारलं, असं काळं, साचलेलं पाणी, ज्यात वाकून बघवत नाही, त्याला काय म्हणशील? “डोह,” ती लगेच म्हणाली. डोह नदीचा असतो, हे मला माहीत आहे, आणि टार्नला नदी लागत नाही. तरीही ‘तळं’ खोडलं. डोहात खोली आहे, भीती आहे, आत काहीतरी दडी मारून बसल्याचा संशय आहे. पोला पाण्याकडून नेमकं तेच हवं होतं.

झोपायला जाताना आईने दारातून विचारलं, “आणि त्या घोड्याचं काय झालं?”

परत पानं उलटली. वाड्यात शिरताना नोकर घोडा घेऊन जातो, त्यापुढे त्याचा कुठेच उल्लेख नाही. निवेदक पळतो त्या वाक्यात ‘अगास्ट’ आहे. गर्भगळीत? की नुसता हबकलेला? तो उद्या.