आई-बाबांबरोबर अलास्का क्रूझ: कधी जायचं, कधी बुक करायचं

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सिएटलहून निघणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ केली. मी, नवरा, बालवाडीतली लेक आणि नाशिकहून आलेले आई-बाबा. परत आल्यापासून इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी मित्रमंडळींचे फोन चालू आहेत. बहुतेकांचे आई-वडील उन्हाळ्यात इकडे येतात आणि त्यांना अलास्का दाखवायची सगळ्यांचीच इच्छा असते. पहिला प्रश्न ठरलेला: "डील कधी लागते?" माझं म्हणणं, हा प्रश्न शेवटी विचारा. आई-बाबा भारतीय पासपोर्टवर येणार असतील तर आधी व्हिसा बघा, मग महिना ठरवा, भाव त्यानंतर.

व्हिसा म्हणजे कॅनडाचा. सिएटलहून निघून अलास्का बघून परत सिएटललाच यायचं, यात कॅनडा आला कुठून? १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यामुळे. परदेशात नोंदणी झालेलं जहाज नुसत्या अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवून आणू शकत नाही, मधे एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. आणि या मार्गावरची मोठी जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा ठिकाणी नोंदलेली असतात. म्हणून सिएटलच्या बहुतेक फेऱ्या शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. तुम्ही तिथे खाली पाऊल ठेवणार नसलात तरी कॅनडात जाण्याची कागदपत्रं दाखवल्याशिवाय सिएटललाच जहाजावर चढू देत नाहीत.

ग्रीन कार्डवाल्यांना पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा एच-१बी (नोकरीचा) किंवा व्हिजिटर व्हिसा असलेल्यांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो. माणशी १०० कॅनेडियन डॉलर फी आणि बोटांचे ठसे व फोटोचे ८५. ठसे एकदा दिले की १० वर्षं चालतात. निर्णयाला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने, आणि शेवटी शिक्का मारायला पासपोर्ट द्यावा लागतो. आई-बाबा इकडे आल्यावर त्यांचा पासपोर्ट असा हातातून सोडणं जिवावर येतं. त्यामुळे हे काम ते भारतात असताना, हिवाळ्यातच उरकून घ्या. आमचा अर्ज नोव्हेंबरात गेला आणि जानेवारीत शिक्का मारलेले पासपोर्ट नाशिकला घरपोच आले.

सिएटलच्या पियर ९१ या धक्क्यावर चेक-इनच्या रांगेत आमच्या पुढे एक तेलुगू कुटुंब होतं. मुलगा, सून आणि मुलाचे आई-वडील. काउंटरवरची बाई काकांच्या पासपोर्टची पानं पुढे-मागे उलटत होती आणि दर वेळी अमेरिकेच्या व्हिसाशी येऊन थांबत होती. मग त्यांना बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. मुलगा फोनवर एजंटशी बोलत होता. "उतरायचंच नाही तर व्हिसा कशाला," असं त्या एजंटने त्यांना सांगितलेलं होतं. काकू मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. आमचं चेक-इन झालं, आम्ही वर गेलो, तरी ते तिथेच होते. सबंध प्रवासात ते मला कुठेच दिसले नाहीत. हे लिहायला बसण्याचं खरं कारण ते कुटुंब आहे.

(एच-१बीचा शिक्का संपलाय पण आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद, चालू आहे, अशांना कॅनडात ३० दिवसांच्या आत जाऊन परत येण्यासाठी ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनची सोय आहे. तिच्या भरवशावर जाणार असाल तर आधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोला, आणि नियमाची छापील प्रत जवळ ठेवा.)

आता महिना. अलास्काचा मोसम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. शाळा सुटल्या की, म्हणजे जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, भाव सगळ्यात चढे असतात आणि बंदरांत गर्दीही. अलास्कातल्या जूनो बंदराने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आहे, पण पाच जहाजं म्हणजेसुद्धा त्या छोट्याशा गावात हजारो माणसं.

आम्ही मे घेतला तो दोन कारणांनी. लेकीची मोठी शाळा अजून सुरू झालेली नाही, आणि अलास्काच्या या दक्षिणेकडच्या पट्ट्यात मे-जून हेच त्यातल्या त्यात कोरडे महिने. तिथल्या केचिकन बंदराला वर्षाला जवळजवळ १५० इंच पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यातला मोठा हिस्सा शरद ऋतूत. मेमध्ये डोंगरांवर बर्फ अजून बराच खालपर्यंत असतो, फोटोत जे अलास्का बघतो ते हेच. उजेड रात्री साडेनऊनंतरही रेंगाळतो. अंगात मात्र थर्मल, त्यावर लोकर, त्यावर पावसाळी जॅकेट असं तीन पदरी हवं.

पण मेमध्ये एक गोष्ट मिळत नाही. ओढ्यात उभं राहून सॅमन पकडणारी अस्वलं बघायची असतील तर जुलै-ऑगस्टच, कारण तेव्हाच मासे समुद्रातून उलटे वर चढतात. घरात कुणाचा जीव त्यात अडकला असेल तर महाग पडलं तरी तेव्हाच जा. व्हेलचं तसं नाही, हवाईत हिवाळा काढलेले हंपबॅक मेपर्यंत परत आलेले असतात. सप्टेंबर पुन्हा स्वस्त, आणि रात्री अंधार पडायला लागल्यामुळे नशीब असेल तर ऑरोरा, म्हणजे आकाशातले रंगीत प्रकाशझोतही, पण पाऊस जास्त आणि समुद्रही जास्त खवळलेला. सिएटलची जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. आमच्या आईला आधीच गाडी लागते, म्हणून सप्टेंबरवर आम्ही लगेच काट मारली. ज्यांना डोलण्याची फारच धास्ती आहे त्यांनी व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजं बघावीत, ती बेटाच्या आतल्या शांत पाण्यातून जातात.

भावाचं गणित आता सांगते. क्रूझ कंपन्या फेऱ्या दीड-दोन वर्षं आधी विक्रीला काढतात. जानेवारी ते मार्च हा त्यांचा मोठा सेलचा मोसम, त्याला वेव्ह सीझन म्हणतात. आणि ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या केबिन स्वस्तात निघतात हेही खरं. दोघंच असाल, कुठलीही केबिन चालणार असेल आणि कागदपत्रं तयार असतील, तर ऐनवेळचं बुकिंग तुमच्यासाठी आहे. आई-बाबांबरोबर ते मला अजिबात पटत नाही. आपल्याला शेजारशेजारच्या केबिन हव्या असतात, लिफ्टपासून फार लांब नकोत, जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हव्यात म्हणजे हलणं कमी जाणवतं. अशा केबिन आधी संपतात. तीन-चार जणांच्या केबिन तर त्याहून आधी, कारण जहाजावर त्या मोजक्याच असतात. शिवाय ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, त्यामुळे तिथे जाणाऱ्या फेऱ्यांना मागणी कायम असते. जाहिरातीत नुसतं "ग्लेशियर" लिहिलेलं असेल तर कुठली हिमनदी ते नीट बघून घ्या.

म्हणून आम्ही आदल्या सप्टेंबरातच बुक केलं, पण परत मिळणारं डिपॉझिट भरून. नॉन-रिफंडेबल भाव थोडा कमी दिसतो, त्याच्या मोहात पडू नका. उरलेले पैसे भरायची तारीख साधारण ९० दिवस आधी असते, काही कंपन्यांची १२० दिवस. या तारखेपर्यंत रद्द केलं तर डिपॉझिट परत मिळतं, आणि त्याच केबिनचा भाव उतरला तर फोन करून नवा भाव लावून घेता येतो. फेब्रुवारीच्या सेलमध्ये आमच्या केबिनचा भाव माणशी दीडशे डॉलरनी उतरला. नवऱ्याने फोन केला, पंधरा मिनिटांत बदलून मिळाला. ही सवलत आपणहून कुणी देत नाही, लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं.

पैसे भरायची ही तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा आणि तिथून उलटं मोजा. त्या दिवसाआधी कॅनडाचे व्हिसा हातात असले पाहिजेत. नसतील आणि लवकर येण्याची चिन्हं नसतील, तर बुकिंग रद्द करा किंवा पुढची तारीख घ्या. त्यानंतर रद्द केलं तर कापले जाणारे पैसे टप्प्याटप्प्याने वाढत जातात.

विम्याचंही असंच. आधीपासूनच्या आजारांची अट शिथिल करणाऱ्या बहुतेक पॉलिसी पहिलं डिपॉझिट भरल्यापासून १४ ते २१ दिवसांच्या आत घ्याव्या लागतात. बीपी-शुगरवाल्यांच्या घरी हे फार महत्त्वाचं आहे. भारतातून आणलेला किंवा इथे घेतलेला व्हिजिटर इन्शुरन्स जहाजावर आणि कॅनडात चालतो का, हे लेखी विचारा. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो.

प्रत्यक्ष प्रवासात सगळ्यात मोठा दिवस ग्लेशियर बेचा. आमचं जहाज हॉलंड अमेरिका या कंपनीचं होतं. सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन शिडीने जहाजावर चढले आणि दिवसभर लाउडस्पीकरवरून माहिती देत होते. १७९४ मध्ये ब्रिटिश कॅप्टन व्हँकुव्हरची मोहीम इथून गेली तेव्हा ही खाडी जवळपास पूर्ण बर्फाने भरलेली होती. तेव्हापासून बर्फ शंभरेक किलोमीटर मागे गेला आहे, आणि आपण जहाजातून जातो ते पाणी म्हणजे त्या बर्फाची रिकामी झालेली जागा. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू वळतं, त्यामुळे केबिन कुठल्या बाजूची आहे याने फरक पडत नाही. जवळजवळ एक मैल रुंद आणि पाण्यावर अडीचशे फूट उंच अशी निळी भिंत. बाबा कानटोपी घालून पुढच्या डेकवर उभे होते. आधी बंदुकीसारखा आवाज आला, सगळे आवाजाच्या दिशेने वळले, आणि तोवर भलत्याच ठिकाणचा कडा पाण्यात गेलेला होता. दुसऱ्या वेळी बाबांनी आवाजाची वाट बघितलीच नाही. एका फटीवर नजर लावून बसले आणि तोच तुकडा पडला. लाट जहाजापर्यंत यायला बराच वेळ लागला. तेव्हा कुठे ती भिंत किती लांब आणि किती मोठी आहे ते कळलं.

तिथे डेकवर गरम वाटाण्याचं डच सूप देतात. परंपरेने त्यात मांस असतं, शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं. जेवणाचं म्हणाल तर पहिल्याच रात्री डायनिंग रूमच्या मुख्य माणसाला भेटलात तर दुसऱ्या दिवसापासून भारतीय शाकाहारी जेवण मिळतं. आम्हाला वरण, भाजी, पोळीसदृश काहीतरी रोज मिळालं आणि आई खूश होती. जैन जेवण हवं असेल तर निघण्याआधी काही आठवडे कळवा.

स्कॅग्वे या बंदरावर व्हाइट पासची डोंगरी रेल्वे चुकवू नका. सोन्याच्या शोधात आलेल्या गर्दीसाठी १८९८ ला काम सुरू झालं आणि १९०० मध्ये पूर्ण झालं. माथेरानच्या गाडीसारखीच नॅरोगेज, फक्त रूळ तीन फुटी. चढताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ही सर्वात उत्तम सहल, आणि मेमध्ये माथ्यावर चांगलाच बर्फ होता. तिकिटं आम्ही रेल्वेच्या साइटवरून आधीच काढली होती. जूनोला मेंडेनहॉल हिमनदीपर्यंत बस जाते, पण तिथे नेणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली असल्याने जागा लवकर भरतात. केचिकनला आम्ही क्रीक स्ट्रीटवर नुसते फिरलो, पाऊस होताच.

बजेट करताना माणशी रोजची टिप धरा, कंपनी आणि केबिननुसार ती बदलते, वीस डॉलरच्या पुढेही जाते. त्यावर कर, बंदराचे पैसे आणि सहली. व्हेल बघायची बोट एकटीच माणशी दीड-दोनशे डॉलरला पडते.

सिएटलला आदल्या दिवशी पोचा. विमान लेट झालं तर जहाज थांबत नाही. पियर दोन आहेत, ६६ आणि ९१, आणि दोन्हींत चांगलं अंतर आहे, तेव्हा टॅक्सीवाल्याला आकडा नीट सांगा. परतीचं विमान दुपारी बारानंतरचं घ्या. व्हीलचेअर लागणार असेल तर उतरायच्या दिवसासाठीही आधीच नोंदवा, कारण त्या सकाळी मागणी फार असते आणि रांगेत तासभर सहज जातो.